सूचक, अनुमोदक आणि बटाटेवडा

आमच्या गावाचं बारसं नव्याण्णव माणसांच्या समितीने केलं. नव्याण्णवच का, शंभर का नाहीत, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही. माझा कयास असा, की शंभरावा माणूस मराठी असावा आणि पहिल्याच बैठकीनंतर त्याने वेगळं मंडळ काढलं असावं.

गाव किचनर, प्रांत ओंटारिओ, देश कॅनडा. १९१६ पर्यंत याचं नाव बर्लिन होतं. वस्ती मुख्यतः जर्मन मुळाच्या लोकांची, त्यामुळे त्या नावात कुणाला काही खटकत नव्हतं. मग पहिलं महायुद्ध सुरू झालं. ब्रिटिश साम्राज्यात राहायचं आणि पत्त्यावर बर्लिन लिहायचं, हे दिवसेंदिवस अवघड होत गेलं. व्हिक्टोरिया पार्कातला कैसर पहिल्या विल्हेल्मचा अर्धपुतळा १९१४ मध्येच कुणीतरी उचलून तिथल्या तळ्यात टाकून दिला होता. मे १९१६ मध्ये सार्वमत झालं. नाव बदला म्हणणारे १,५६९, राहू द्या म्हणणारे १,४८८. एक्क्याऐंशी मतांनी बर्लिन गेलं.

इथपर्यंत लोकशाही होती. इथून पुढे समिती आली.

लोकांकडून नावं मागवली, ती ढिगाने आली, आणि समितीने चाळून, पाखडून, निवडून पहिली यादी जाहीर केली: ह्युरॉन्टो, बर्काना, डुनार्ड, हायड्रो सिटी, रेनोमा, ॲग्नोलिओ. ज्याने आयुष्यात एकदा तरी समितीवर काम केलं आहे, त्याला ही यादी वाचताना एकेका नावामागचा सभासद डोळ्यांसमोर दिसतो. १९१० मध्ये नायगाऱ्याची वीज या गावात आली होती, त्याचं कौतुक अजून ओसरलं नव्हतं. म्हणून हायड्रो सिटी. आपल्याकडे एखाद्या गावाला कुणी महावितरणनगर म्हणावं, तसंच. बर्काना हे त्या सद्गृहस्थांचं, ज्यांना बर्लिनही सोडवत नव्हतं आणि कॅनडालाही दुखवायचं नव्हतं. असा एक सभासद प्रत्येक समितीत असतो आणि त्याचं सगळ्यांशी पटतं, फक्त त्याच्या सूचनेला कुणी अनुमोदन देत नाही.

लोक या यादीला यथेच्छ हसले. समितीने दुसरी यादी केली: अडानाक, बेंटन, ब्रॉक, कोरोना, किओवाना, किचनर. यातलं अडानाक म्हणजे कॅनडा उलटीकडून. हे नाव कुणीतरी रात्री उशिरा, शिपाई खुर्च्या आवरायला लागल्यावर सुचवलं असणार आणि बाकीच्यांनी घरी जायच्या घाईत होकार दिला असणार. किचनर हे नाव आलं ते एका दुर्घटनेमुळे. ५ जून १९१६ रोजी लॉर्ड किचनर ज्या ‘हॅम्पशायर’ युद्धनौकेवर होते, ती ऑर्कनी बेटांजवळ जर्मन सुरुंगावर आदळून बुडाली आणि ते गेले. त्यांचं दुःख ताजं होतं.

जून महिन्याच्या अखेरीस मतदान झालं. किचनर ३४६, ब्रॉक ३३५, अडानाक २३, बेंटन १५, कोरोना ७, किओवाना ३. शिवाय १६३ मतपत्रिका बाद. म्हणजे बाद हा पक्ष तिसऱ्या क्रमांकावर आला. आणखी बारा जणांनी ब्रॉकवर खूण केली असती, तर मी आज ब्रॉककर असतो. नाव बदलायचं का, हे ठरवायला तीन हजारांहून जास्त माणसं आली होती. कोणतं ठेवायचं, हे ठरवायला सगळे मिळून ८९२. बाकीचे घरी बसले. १ सप्टेंबर १९१६ पासून गावाचं नाव किचनर झालं आणि ते ज्यांनी ठरवलं, ती माणसं एका मध्यम आकाराच्या मंगल कार्यालयात पहिल्या पंगतीला बसली असती.

सभांमध्ये निर्णय बहुमताने होतात अशी एक समजूत आहे. माझं निरीक्षण वेगळं आहे. निर्णय होतात ते शेवटपर्यंत बसून राहिलेल्यांच्या मताने. सभाशास्त्रातले सगळे नियम, सूचना, उपसूचना, हरकतीचे मुद्दे हे बाकीच्यांना घरी पाठवण्यासाठी आहेत. हे एकदा ध्यानात आलं की कोणतीही सभा समजते.

२०२० मध्ये गावाचं नाव पुन्हा बदलावं असा एक अर्ज फिरला होता. बोअर युद्धातल्या छळछावण्यांशी लॉर्ड किचनर यांचं नाव जोडलेलं आहे, ते पाहता मागणी गैर नव्हती. नगर प्रशासनाने तसा विचार नाही असं सांगितलं, तेव्हा मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. तत्त्वाचा प्रश्न बाजूला ठेवा. पुन्हा नव्याण्णव माणसं बसवायची कुठे?

हे लॉर्ड किचनर आपल्यालाही परके नाहीत. १९०२ ते १९०९ ते हिंदुस्थानचे सरसेनापती होते आणि लॉर्ड कर्झन यांच्याशी त्यांचं जे वाजलं, ते कोणत्या लढाईवरून नव्हे. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात लष्करी सभासदाची एक वेगळी खुर्ची असे. सरसेनापतींचं म्हणणं, लष्कराबद्दल बोलायला मी असताना हा हुद्द्याने माझ्याहून धाकटा माणूस माझ्या कागदांवर शेरे का मारतो? कर्झन यांचं म्हणणं, खुर्ची राहील. प्रकरण लंडनपर्यंत गेलं आणि ऑगस्ट १९०५ मध्ये कर्झन राजीनामा देऊन मोकळे झाले. अख्खा बंगाल पेटत असताना जो माणूस जागचा हलला नाही, तो एका खुर्चीपायी बोटीत बसला. त्याला बोटीत बसवणाऱ्या किचनरांच्या नावाच्या गावात मराठी मंडळ निघालं, यात नवल ते काय?

आमच्या मंडळाचे बहुतेक सभासद दोन ठिकाणी शिकून आले आहेत. एक शिक्षण इंजिनीअरिंगचं. दुसरं सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचं. पहिलं इथे आल्यावर विसरलं तरी चालतं.

ती सभा ज्याने पाहिली नाही त्याच्यासाठी सांगतो. ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून ती ३० सप्टेंबरच्या आधीच्या रविवारी असते आणि पाऊस असतो. जागा इमारतीखालचं पार्किंग. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, त्यातली एक पाय मोडकी, जी उशिरा येणाऱ्यासाठी राखून ठेवलेली असते. आदर्श उपविधीनुसार गणसंख्या दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, यांपैकी जी कमी असेल ती. तेवढी माणसं नसतात. मग सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते आणि नंतर त्याच जागी, त्याच विषयांवर, गणसंख्येची अट न ठेवता पुन्हा भरते. हे सगळं नोटिशीतच आधी छापलेलं असतं. कोरम होणार नाही, ही एकमेव गोष्ट त्या सभेत खात्रीची असते. खरं कामकाज मधल्या अर्ध्या तासात होतं: गळती, पाण्याची टाकी, तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा. सभा सुरू झाली की सगळे गप्प बसून ताळेबंदाची झेरॉक्स चाळतात.

सेक्रेटरी ठराव वहीत आधीच लिहून आणतात. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. हिशेब तपासनिसांची नेमणूक करण्यात आली. सूचक, पुढे टिंबटिंब. अनुमोदक, पुढे टिंबटिंब. टिंबांच्या जागी जवळ बसलेल्यांची नावं पडतात. पहिल्या रांगेत बसण्याचा हा धोका सगळ्यांना माहीत असल्यामुळे पहिली रांग कायम रिकामी असते आणि अध्यक्ष दर वर्षी ‘पुढे या, पुढे या’ म्हणतात. शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. वर्षभर मनात साठवलेली एकूण एक तक्रार इथे ऐनवेळी येते.

पण आपलं सभाशास्त्राशी असलेलं नातं सोसायट्यांहून जुनं आहे. १९०७ चं सुरतचं काँग्रेस अधिवेशन घ्या. इतिहासात त्याला जहाल-मवाळांची फूट म्हणतात, आणि ती होतीच. पण कागदावर पाहिलं तर तो कामकाजाच्या नियमांचा तंटा होता. डॉ. रासबिहारी घोष यांनी अध्यक्षस्थान घ्यावं, हा ठराव. लोकमान्य टिळकांनी स्वागताध्यक्ष मालवी यांच्याकडे रीतसर चिठ्ठी पाठवली, की ठरावाला अनुमोदन झाल्यावर मला तहकुबीची उपसूचना मांडायची आहे. चिठ्ठीची दखल घेतली गेली नाही. २७ डिसेंबरला टिळक स्वतः उठून व्यासपीठावर गेले. मालवी म्हणाले, सूचना नियमबाह्य. टिळक हाताची घडी घालून तिथेच उभे राहिले; प्रतिनिधींपुढे मला बोलू द्या, त्याशिवाय मी हलणार नाही. मंडपात आरडाओरडा, खुर्च्या उचलल्या जाताहेत, आणि तेवढ्यात कुठूनसा एक मराठी जोडा आला. लाल चामड्याचा, टोकदार. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागला आणि तिथून फिरोजशहा मेहतांना. एका जोड्यात काँग्रेसचे दोन माजी अध्यक्ष. सूचक कोण होता, हे शेवटपर्यंत नोंदलं गेलं नाही. पोलिसांनी येऊन मंडप रिकामा केला.

एका चिठ्ठीला वेळेवर उत्तर दिलं असतं, तर काय झालं असतं, हा प्रश्न माझ्या मनात आमच्या मंडळाच्या प्रत्येक सभेत येतो. म्हणून आमच्याकडे आलेली प्रत्येक चिठ्ठी वाचून दाखवली जाते. बहुतेक चिठ्ठ्या गाडी चुकीच्या जागी लावल्याच्या असतात.

तर अशी ही तालीम घेऊन आलेला मराठी माणूस इथे येऊन पोहोचतो आणि त्याच्या हातात रॉबर्टसाहेबांचं पुस्तक पडतं.

हेन्री मार्टिन रॉबर्ट हे अमेरिकन लष्करातले इंजिनीअर. १८६३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड गावी एका चर्चमधल्या सभेचं अध्यक्षपद त्यांच्यावर येऊन पडलं. सभा कशी चालवायची याची त्यांना काही कल्पना नव्हती आणि ती हाताबाहेर गेली. आपल्याकडचा कुणी असता तर घरी येऊन ‘लोकांना अक्कल नाही’ एवढं बोलून जेवायला बसला असता. रॉबर्ट पुस्तकं शोधायला लागले. पुरेसं चांगलं सापडेना, तेव्हा स्वतःच लिहिलं आणि १८७६ मध्ये पदरच्या पैशाने चार हजार प्रती छापल्या. ती खिशात मावणारी पुस्तिका होती. २०२० साली निघालेली बारावी आवृत्ती सातशेहून जास्त पानांची आहे आणि तिला खिसा नव्हे, पिशवी लागते. कॅनडाने आपला वेगळा शास्त्रकारही ठेवला आहे, हाउस ऑफ कॉमन्सचे लेखनिक सर जॉन बूरिनो. त्यांनी १८९४ मध्ये सभांच्या कामकाजावर पुस्तक लिहिलं. मंडळाने रॉबर्ट मानायचे की बूरिनो, यावर आमच्याकडे एक सभा झाली आहे. ती कोणत्या नियमांनुसार चालवायची, हे ठरलं नाही म्हणून ती पुढे ढकलली.

रॉबर्ट यांच्या नियमांनुसार एका विषयावर एका सभासदाला दोनदा बोलता येतं, दर वेळी जास्तीत जास्त दहा मिनिटं. आमचे एक ज्येष्ठ सभासद दहा मिनिटांत ‘व्यासपीठावरील मान्यवर’ एवढंच पुरं करतात. दुसरा नियम, जे काही बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून. दुसऱ्या सभासदाशी थेट बोलायचं नाही, होता होईतो त्याचं नावही घ्यायचं नाही. हा नियम भांडणं टाळण्यासाठी आहे. मराठीत त्याने टोमण्यांना राजमार्ग मिळाला. ‘अध्यक्ष महोदय, वडे कच्चे होते असं ज्यांचं मत आहे, त्यांनी गेल्या वीस वर्षांत स्वयंपाकघरात कधी पाऊल ठेवलं आहे का, हे कृपया त्यांना विचारावं,’ असं एक काकू अत्यंत शांतपणे म्हणाल्या. ज्यांना विचारायचं होतं ते त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते आणि घरी त्यांना त्याच गाडीतून जायचं होतं.

वडे कुठून आले? तेच सांगतो. विषयपत्रिकेवर चौथा विषय होता, गणेशोत्सवाचा अल्पोपाहार. त्याआधी तिसऱ्या विषयात वर्षाचा सगळा जमाखर्च, सभागृहाचं भाडं, विमा आणि ढोल-ताशे ठेवायच्या जागेचा करार हे अंताक्षरीतल्या एका कडव्याला लागेल तेवढ्या वेळात मंजूर झालं होतं. मग ठराव आला: आरतीनंतर उपस्थितांना बटाटेवडा देण्यात यावा. अनुमोदन मिळालं. नमुना म्हणून खजिनदारांनी घरून डबाभर वडे करून आणले होते आणि डबा टेबलावर ठेवला होता.

एकाने उपसूचना मांडली, ‘बटाटेवडा’ या शब्दानंतर ‘व शिरा’ हे शब्द घालावेत. त्यावर दुसऱ्याने उपसूचना मांडली, ‘शिरा’ काढून ‘मोदक’ घालावेत. रॉबर्ट इथपर्यंत परवानगी देतात. सूचनेवर उपसूचना, उपसूचनेवर उपसूचना, पुढे नाही. त्याच वेळी कोकणातल्या एका काकांनी मोदक उकडीचे असावेत असं सुचवलं. अध्यक्षांनी पुस्तक उघडून सांगितलं, की ही तिसऱ्या पायरीवरची उपसूचना आहे आणि ती मांडताच येत नाही. म्हणजे उकडीचे की तळणीचे, हा प्रश्न शास्त्रानुसार त्या क्षणी अस्तित्वातच नव्हता. तो पाऊण तास चालला. विदर्भातल्या मंडळींनी तळणीच्या बाजूने किल्ला लढवला. मध्येच विषय परत जमाखर्चावर गेला, तिथून सभागृहात तळण करायला परवानगी आहे का यावर, तिथून परत मोदकांवर. आमच्या भागात किंग स्ट्रीट आणि वेबर स्ट्रीट हे दोन रस्ते एकमेकांना तीनदा छेदतात. नवा माणूस दर वेळी विचारतो की आपण इथे मघाशी आलो होतो ना? तसं त्या रात्री सगळ्यांचं झालं होतं.

इथे वाढलेल्या एका तरुणाने हात वर करून ‘चर्चा बंद करून मतदान घ्या’ अशी सूचना केली. या सूचनेवर चर्चा करता येत नाही आणि ती मंजूर व्हायला दोन तृतीयांश मतं लागतात. तिच्यावर चर्चा करता येत नाही हे बरोबर आहे का, यावर चर्चा झाली. त्या मुलाचा चेहरा बघवत नव्हता. त्याला उद्या सकाळी लवकर ट्रामने कामावर जायचं होतं. सव्वानऊला तो निघून गेला. त्याच्या पाठोपाठ लहान मुलं असलेली जोडपी गेली, आणि नाव बदलायचं का यावर मत देऊन घरी बसलेले १९१६ चे बर्लिनकर मला दिसायला लागले.

काका मात्र कुठेही जात नाहीत. मंडळात एक काका असे आहेत, की त्यांचं पुस्तक त्यांच्या स्वतःच्या खुणांनी भरलेलं आहे. ते नेहमी जिंकणाऱ्या बाजूने मत देतात. आधी मान वळवून बाकीचे हात मोजतात, मग स्वतःचा हात वर करतात. पुष्कळ दिवस मला वाटायचं, माणूस मिळूनमिसळून राहणारा आहे. मग कळलं. झालेल्या निर्णयाचा फेरविचार करा, ही सूचना फक्त जिंकलेल्या बाजूने मत दिलेल्यालाच मांडता येते. काका हक्क राखून ठेवत होते. त्यांच्यामुळे आमच्या मंडळात कोणताही ठराव मंजूर झाला, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

कोणताही विषय असा अडला की अध्यक्षांच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरतं आणि ते म्हणतात, ‘आपण एक उपसमिती नेमू.’ उपसमितीत कोणाला घ्यायचं याचा त्यांचा एक साधा नियम आहे. ज्याने सगळ्यात जास्त आक्षेप घेतले तो निमंत्रक. त्यानंतर त्या माणसाचा आवाज सभेत पुन्हा ऐकू येत नाही, कारण आता अहवाल त्याने द्यायचा असतो. उपसमितीचा व्हॉट्सॲप गट तयार होतो. उपसमिती बरखास्त होते, गट होत नाही. ढोल-ताशा उपसमिती, वाचनालय उपसमिती, घटनादुरुस्ती उपसमिती, यांच्या गटांवर रोज सकाळी अजून फुलांची चित्रं येतात आणि कधी कुणाचा वाढदिवस येतो. मंडळ खऱ्या अर्थाने जिवंत असेल तर ते तिथे आहे, असं मला कधी कधी वाटतं.

घटनादुरुस्ती उपसमितीचं काम मात्र खरं होतं. ओंटारिओत ना-नफा संस्थांचा नवा कायदा १९ ऑक्टोबर २०२१ रोजी लागू झाला आणि जुन्या संस्थांना आपापले नियम त्याच्याशी जुळवून घ्यायला तीन वर्षं मिळाली. हा कायदा विधिमंडळात संमत झाला होता २०१० मध्ये. सरकारने स्वतः अकरा वर्षं घेतली आणि आम्हाला तीन दिली. सर्वसाधारण सभेची सूचना या कायद्यानुसार किमान दहा आणि जास्तीत जास्त पन्नास दिवस आधी द्यावी लागते. कायदा लिहिणाऱ्यांना आमचे सभासद माहीत नसावेत. पन्नास दिवस आधी कळवलं तर ते विसरतात, दहा दिवस आधी कळवलं तर ‘आधी सांगायला काय झालं होतं?’ म्हणतात. संस्थेच्या नियमांत वेगळं काही म्हटलं नसेल, तर गणसंख्या मतदानाचा हक्क असलेल्या सभासदांच्या निम्म्याहून जास्त. हे कलम वाचून दाखवल्यावर उपसमितीत कुणी काही बोलेना. निम्म्याहून जास्त सभासद एका छपराखाली फक्त गणपतीच्या जेवणाला असतात. सभा तेव्हाच घ्यावी असाही एक विचार पुढे आला, पण तेव्हा कुणाच्या तोंडात बोलायला जागा नसते.

कोरमचं हे दुखणं एकट्या मराठी माणसाचं नाही, याचा दिलासा मला कॉन्डोंच्या कायद्यात मिळाला. इथल्या सदनिकाधारकांच्या वार्षिक सभेला पंचवीस टक्के सभासद लागतात. पहिल्यांदा जमले नाहीत, पुन्हा बोलवा. पुन्हा जमले नाहीत, तर तिसऱ्या खेपेपासून पंधरा टक्क्यांवर भागवा. माणसं येणार नाहीत, हे इथल्या कायद्याला कळायला दोन सभा जातात. आपल्या उपविधीला अर्ध्या तासात कळतं. शिवाय आपला उपविधी पंधरा टक्क्यांचाही हट्ट धरत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. इथल्या नगरपालिकेची सभा मी सज्जातून पाहिली आहे. महापौर आणि दहा प्रभागांचे दहा सदस्य. नागरिकाला बोलायचं असेल तर आधी नाव नोंदवायचं आणि पाच मिनिटांत आटपायचं. एक गृहस्थ पदपथावरच्या बर्फाबद्दल तावातावाने बोलत होते. वेळ संपली. महापौरांनी आभार मानले, त्यांनीही आभार मानले आणि ते अर्ध्या वाक्यात बसले. मला ते फार अपुरं वाटलं. कुणी हरकत घेतली नाही, कुणी ‘त्यांना बोलू द्या’ म्हणून ओरडलं नाही, जोडा तर दूरच. अर्थात बाहेर उणे पंधरा होतं. तिथे जोडा फेकणारा माणूस घरी कसा जाणार?

मंडळांना सर्वांत प्रिय ठराव असतात ते बिनखर्चाचे. शासनाने अमुक करावे, केंद्राने तमुक करावे. ते एकमताने, टाळ्यांच्या गजरात मंजूर होतात आणि त्यांच्यासाठी कुणाला उपसमितीत जावं लागत नाही. साहित्य संमेलनांनी ही परंपरा मोठ्या निष्ठेने चालवली आहे. पण ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि जगभरच्या मंडळांच्या विषयपत्रिकेवरचा एक हमखास ठराव हातातून गेला. आमच्याकडे त्या जागी अभिनंदनाचा ठराव आला. त्यातही ‘केंद्र सरकारचे’ आधी घ्यायचे की ‘समस्त मराठीजनांचे’, यावर दोन उपसूचना आल्या, पण त्या रात्री सगळे खुशीत होते आणि तिसरी कुणी मांडली नाही.

परत वड्यांकडे येतो. नऊ चाळीसला सभागृहाचा रखवालदार झाडू घेऊन दारात उभा राहिला. सभा संपवण्याची सूचना रॉबर्ट यांच्या शास्त्रात फार वरच्या दर्जाची आहे, तिच्यावर चर्चा होत नाही. पण झाडूएवढा तिचा दरारा नाही. अल्पोपाहाराचा विषय उपसमितीकडे गेला, उकडीवाले काका निमंत्रक झाले, आणि सगळे आपापले बर्फातले बूट शोधायला लागले.

आमचे नवे चिटणीस तरुण आहेत आणि पुस्तक प्रमाण मानणारे आहेत. इतिवृत्तात सभेत काय केलं गेलं ते लिहावं, काय बोललं गेलं ते लिहू नये, हा रॉबर्ट यांचा दंडक. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या त्या जागी ‘साधकबाधक चर्चा होऊन’ हे तीन शब्द येतात आणि त्यांत तीन तासांची हाणामारी सुखाने मावते. चिटणिसांनी तेही गाळलं. विषय क्रमांक चार, उपसमितीकडे सोपवला. एवढंच.

पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करण्याचा विषय आला तेव्हा खजिनदारबाई उठल्या. त्यांचं म्हणणं, इतिवृत्त अपुरं आहे. नमुन्याचे वडे चर्चा चालू असताना संपले आणि त्याची नोंद कुठेच नाही. डबाही परत मिळालेला नाही. चिटणीस नम्रपणे म्हणाले, ‘काकू, जे बोललं जातं त्याची नोंद आपण घेत नाही.’

‘बोललं नाही, खाल्लं,’ खजिनदारबाई म्हणाल्या. ‘खाणं म्हणजे करणंच की. अध्यक्ष महोदय, हा हरकतीचा मुद्दा आहे.’

अध्यक्षांनी पुस्तक उघडलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि निर्णय राखून ठेवला. मागून कुणीतरी सूचना मांडली, की यापुढे सभेत नमुन्याचे पदार्थ आणू नयेत. अध्यक्षांनी तीनदा विचारलं. तिला अनुमोदन मिळालं नाही.